लखोटा पोचला कधी, हे कोणी सिद्ध करायचे?

माझ्या टेबलावर परत आलेला एक लखोटा पडून होता. वर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, पिनकोड, सगळे बिनचूक. त्यावर पोस्टमनने पेनाने एकच शब्द लिहिला होता : ‘लेफ्ट’. म्हणजे पत्ता सोडून गेले. लखोटा परत आला त्याच संध्याकाळी मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीची नोंद उघडली. तिथे पत्ता तोच होता. कंपनी ‘अ‍ॅक्टिव्ह’ होती. पोस्टमनच्या लेखी ती निघून गेली होती आणि सरकारच्या लेखी जागेवरच होती.

माझा पक्षकार सुटे भाग बनवणारा छोटा कारखानदार. त्याने माल दिला, बिले दिली, बऱ्याच तगाद्यानंतर दोन चेक मिळाले आणि दोन्ही वटले नाहीत. त्याचीच नोटीस या लखोट्यात होती. लखोटा बघून तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, पत्ता त्यांनीच सरकारला दिलेला. मग ते तिथे नसले तर चूक माझी कशी होते?” वकील म्हणून मी त्याला त्या दिवशी कलमे सांगितली. पण त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर कलमांत नाही. ते कायद्यात असायला हवे, म्हणून हे लिहितो आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. कंपनीने स्वतः नोंदवलेल्या पत्त्यावर पत्र रीतसर टाकले की पाठवणाऱ्याचे काम तिथे संपले पाहिजे. ते कोणत्या तारखेला पोचले असे धरायचे, तो दिवस कायद्यानेच नेमून द्यावा. पुढे तो लखोटा आत कोणाच्या टेबलावर गेला, कोणी फोडला, कोणी कपाटात टाकला, याचा भार कंपनीने वाहावा. आज तो भार बऱ्याच अंशी पाठवणाऱ्याच्या डोक्यावर आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीला स्थापनेपासून ३० दिवसांत नोंदणीकृत कार्यालय लागते, आणि तेही नुसते कागदावरचे नव्हे. तिच्या नावे येणारी सर्व पत्रे व नोटिसा स्वीकारू शकेल आणि त्यांची पोच देऊ शकेल असे कार्यालय हवे, असे त्या कलमाचे शब्द आहेत. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निबंधकाला (रजिस्ट्रार) कळवायचे. कार्यालयाबाहेर नाव आणि पत्त्याची पाटी लावायची, पत्रांवर आणि बिलांवर तो पत्ता छापायचा. यात कसूर झाली तर दिवसाला १,००० रुपये दंड, पण कमाल १ लाख. पुढे ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनी निबंधकाला जागेवर जाऊन खात्री करण्याचा आणि कार्यालय सापडले नाही तर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाई सुरू करण्याचाही अधिकार दिला. २०१९ मध्ये तर कंपन्यांकडून कार्यालयाचे फोटो मागवले गेले. म्हणजे पत्ता खरा असावा ही अपेक्षा कायद्याने नीट ओळखलेली आहे.

त्याच कायद्याचे कलम २० सांगते की कंपनीवर कागदपत्राची बजावणी नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने, स्पीड पोस्टाने, कुरिअरने, प्रत्यक्ष नेऊन देऊन किंवा ठरवून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने करता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेतही, आदेश २९ नियम २ मध्ये, कंपनीवरचे समन्स सचिव, संचालक किंवा मुख्य अधिकाऱ्याला देता येते, किंवा नोंदणीकृत कार्यालयात ठेवता वा टपालाने पाठवता येते. इथवर सगळे स्वच्छ आहे. कुठे पाठवायचे आणि कसे पाठवायचे, याबद्दल शंकेला जागा नाही.

गोंधळ सुरू होतो तो ‘कधी’पाशी.

१८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) कलम २७ आपल्याकडच्या टपाली बजावणीचा कणा आहे. पत्ता बरोबर लिहिला, टपालखर्च भरला, रजिस्टर पोस्टाने टाकले, की उलट सिद्ध होईपर्यंत बजावणी झाली असे धरायचे. कोणत्या वेळी? टपालाच्या नेहमीच्या ओघात ते पत्र ज्या वेळी पोचले असते त्या वेळी. या ‘नेहमीच्या ओघात’ने किती दिवस खाल्ले आहेत, हे ज्याने मुदतीची प्रकरणे चालवली त्यालाच ठाऊक. दोन दिवस? पाच? दहा? मध्ये सुट्ट्या आल्या तर? पावसात गाड्या अडकल्या तर? कायदा आकडा सांगत नाही. आकडा शेवटी न्यायालय सांगते, आणि तोवर मुदत उलटून वर्षे गेलेली असतात.

चेक न वटल्याच्या प्रकरणात हे किती बोचते ते तारखा मांडूनच सांगतो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) च्या कलम १३८ आणि १४२ मध्ये तीन मुदती एकीत एक अडकवलेल्या आहेत. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेक देणाऱ्याने पैसे भरायचे. नाही भरले तर त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. पहिली मुदत पाठवणाऱ्याच्या हातात आहे. दुसरी आणि तिसरी मात्र अशा तारखेपासून सुरू होतात जी फक्त समोरच्याला नक्की ठाऊक असते.

समजा, बँकेचा मेमो ३ मार्चला हातात आला. २ एप्रिलपर्यंत नोटीस गेली पाहिजे, आणि समजा ती त्याच दिवशी गेली. कंपनीला ती ३ एप्रिलला मिळाली असेल तर पंधरा दिवस १८ एप्रिलला संपले, १९ तारखेला फिर्यादीचा हक्क जन्मला आणि १९ मेपर्यंत ती दाखल व्हायला हवी. पण मिळाली १० एप्रिलला असेल तर पंधरा दिवस २५ एप्रिलला संपतात, आणि २६ च्या आधी फिर्याद करताच येत नाही. आधी केली तर ती अकाली ठरते. २०१४ साली योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा दिवस पुरे होण्याआधीची फिर्याद टिकत नाही असे स्पष्ट केले. उशीर झाला तर मुदतबाह्य, घाई केली तर अकाली. अनुभवी वकील यातला मधला सुरक्षित काळ हेरतो आणि त्यातच दाखल करतो. उशिरासाठी विलंबमाफीची सोयही २००२ च्या दुरुस्तीने दिलेली आहे, हे मी नाकारत नाही. पण विलंबमाफी म्हणजे आणखी एक अर्ज, आणखी तारखा आणि समोरच्याच्या वकिलाला मिळालेला आणखी एक मुद्दा. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने उशिराची कारणे का देत बसावे, जेव्हा उशीर मोजण्याचा आरंभबिंदूच त्याच्यापासून लपलेला आहे?

हा अंदाजाचा खेळ उलटल्याची उदाहरणे आहेत. २००८ च्या सुबोध साळसकर प्रकरणात नोटीस स्पीड पोस्टाने जानेवारीत गेली होती आणि फिर्याद एप्रिलमध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्पीड पोस्ट साधारणपणे थोड्याच दिवसांत पोचते आणि बजावणीला तीस दिवस पुरेसे धरले पाहिजेत. त्या हिशेबाने फिर्याद उशिराची ठरली. त्याआधी, १९९९ मध्ये, एसआयएल इम्पोर्ट प्रकरणात नोटीस आधी फॅक्सने गेली आणि मग रजिस्टर पोस्टाने. फिर्यादीने टपाल मिळाल्याच्या तारखेपासून दिवस मोजले. न्यायालयाने मोजले फॅक्सपासून, आणि फिर्याद मुदतीबाहेर गेली. सावधगिरी म्हणून दोन मार्गांनी नोटीस देणाऱ्याला तीच सावधगिरी नडली. कायद्याचा अर्थ म्हणून निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. मोजणी कुठून सुरू होते हे आधी कळण्याची सोय नसेल तर सावध माणूसही खड्ड्यात पडतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

कंपनीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कंपनी म्हणजे कोण, हे सामान्य माणसाला पटकन समजत नाही. त्याने व्यवहार ज्याच्याशी केला, ज्याची सही चेकवर पाहिली, ज्याला फोन केले, तो संचालक त्याच्या दृष्टीने कंपनी असतो. म्हणून तो नोटीस संचालकाच्या नावाने पाठवतो. २०१९ च्या हिमांशू विरुद्ध बी. शिवमूर्ती या प्रकरणात नेमके हेच झाले होते. चेक कंपनीच्या वतीने दिलेला, नोटीस फक्त सही करणाऱ्याला, आरोपीही तोच. कंपनीला ना नोटीस ना आरोप. फिर्याद टिकली नाही. याच्या उलट कंपनीला नोटीस दिली तर प्रत्येक संचालकाला वेगळी द्यावी लागत नाही, असे कृष्णा टेक्सपोर्ट प्रकरणात २०१५ मध्ये ठरले आहे. म्हणजे कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर गेलेला एक लखोटा हेच सगळ्या प्रकरणाचे मूळ. ज्या लखोट्यावर एवढे उभे आहे, त्याच्या पोचण्याची तारीख एवढी ढिली ठेवणे कायद्याला शोभत नाही.

मुदतीचे ओझे कंपनीवर असते तिथेही तारखेची ही ढिलाई तिच्याच उपयोगी पडते. व्यापारी न्यायालय कायदा, २०१५ खालच्या दाव्यात प्रतिवादीला समन्स बजावल्यापासून १२० दिवसांपलीकडे लेखी कैफियत देता येत नाही, आणि ही मर्यादा सक्तीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. ग्राहक तक्रारीत ३० अधिक १५, म्हणजे ४५ दिवसांची मर्यादा आहे. मार्च २०२० मध्ये घटनापीठाने तीही कडक ठरवली. पण त्याच निकालाप्रमाणे ही मुदत नुसत्या नोटिशीपासून सुरू होत नाही. नोटिशीसोबत तक्रारीची प्रत मिळाली त्या दिवसापासून सुरू होते. तत्त्व म्हणून हे रास्तच आहे. काय तक्रार आहे हे न कळता उत्तर कसे देणार? मात्र ग्राहक आयोगांपुढे काम करणाऱ्यांना विचारा. “नोटीस मिळाली, पण सोबत तक्रार नव्हती” हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले असेल. लखोट्यात काय होते याचा साक्षीदार कोणीच नसतो. ज्याने तो फोडला त्याच्या शब्दावर पंधरा-पंधरा दिवस पुढे सरकतात.

मोठ्या संस्थांना तर याहून मोठी सवलत मिळून गेली आहे. २००५ च्या टेक्को त्रिची प्रकरणात लवादाचा निवाडा दक्षिण रेल्वेच्या महाव्यवस्थापकाच्या कार्यालयात पोचला होता. त्याला आव्हान देण्याची मुदत त्या दिवसापासून मोजायची की ज्या मुख्य अभियंत्याने ते काम हाताळले त्याला प्रत मिळाल्यापासून, असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने दुसरी तारीख धरली. रेल्वेसारख्या अवाढव्य यंत्रणेत आवक विभागाने कागद घेतला म्हणजे समजून निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत तो पोचला असे होत नाही, हे त्यामागचे कारण. सरकारी खात्याची अडचण मला समजते. लवाद कायद्यातल्या ‘पक्षकार’ या शब्दाचा अर्थ लावताना ते म्हटले गेले, हेही मान्य. पण हाच विचार कंपन्यांच्या बाबतीत पसरत गेला तर त्याचा अर्थ असा होईल : संस्था जितकी मोठी, तितकी ती पत्र मिळाले नाही असे म्हणायला मोकळी. दोन खोल्यांतल्या कारखान्यात लखोटा आला की मालकाच्या हातात पडतो आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू होते. शेकडो माणसांच्या कंपनीत स्वतंत्र आवक विभाग असतो, कंपनी सचिव असतो, विधी विभाग असतो. तिला जास्त वेळ आणि कारखानदाराला कमी, ही वाटणी उलटी आहे. यंत्रणा उभी करायची ताकद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून जास्त तत्परतेची अपेक्षा ठेवायला हवी.

आता ज्या तरतुदीने मला हे लिहायला भाग पाडले ती सांगतो. कंपनी स्थापनाविषयक २०१४ च्या नियमांतला नियम ३५ टपाली बजावणीचा क्षण ठरवतो. त्यात दोन वर्ग आहेत. सभेची सूचना असेल तर पत्र टपालात टाकल्यापासून ४८ तास झाले की ती पोचली असे धरायचे. बाकी कोणतेही पत्र असेल तर टपालाच्या नेहमीच्या ओघात ज्या वेळी पोचले असते त्या वेळी. सभेची सूचना कोण कोणाला पाठवतो? कंपनी भागधारकांना. तिथे कंपनीला अनिश्चितता परवडत नाही. २१ पूर्ण दिवसांची सूचना द्यायची असते, हजारो भागधारक असतात, प्रत्येकाची पोचपावती कोण गोळा करणार? म्हणून कायद्याने निश्चित आकडा दिला, आणि योग्यच केले. खेड्यातल्या भागधारकाला पत्र प्रत्यक्षात आठव्या दिवशी मिळाले तरी मोजणी ४८ तासांपासूनच. मग तोच भागधारक, तोच पुरवठादार, तोच कामगार कंपनीला पत्र पाठवतो तेव्हा तोच निश्चित आकडा त्याला का मिळू नये? कंपनीने पाठवलेल्या सभेच्या सूचनेला ठराविक तास आणि कंपनीला आलेल्या पत्राला ‘नेहमीचा ओघ’, या भेदाचे समर्थन मला कुठे सापडले नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न बराच सरळ करून टाकला आहे. तिथल्या दिवाणी नियमांनुसार दाव्याचा कागद पहिल्या वर्गाच्या टपालात टाकला की त्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी तो बजावला गेला असे धरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दावेदाराने मुदतीत जे करायचे ते म्हणजे टपालात टाकणे, पोचणे नव्हे. त्याच्या हातात जेवढे आहे तेवढेच कायदा त्याच्याकडून मागतो. शिवाय ४ मार्च २०२४ पासून तिथल्या प्रत्येक कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ‘योग्य पत्ता’ असणे सक्तीचे आहे : तिथे आलेला कागद कंपनीच्या माणसाच्या नजरेस पडेल आणि त्याची पोच मिळू शकेल असा. नुसता टपालपेटीचा क्रमांक चालत नाही. आपल्या कलम १२ चे शब्द याच अर्थाचे आहेत, आणि ते आपल्याकडे आधीपासून आहेत. कमी आहे ती फक्त त्या शब्दांमागून येणाऱ्या परिणामाची.

इकडे टपालाची घडीही बदलली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. आता स्पीड पोस्ट करताना ‘नोंदणी’ ही जादा सोय वेगळे शुल्क देऊन घ्यावी लागते. ती घेतली तरच लखोटा खुद्द पत्त्यावरच्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला देण्याचे बंधन राहते. खात्याच्या दृष्टीने हे सुटसुटीत असेल. पण कलम २७ मध्ये शब्द आहेत ‘रजिस्टर पोस्ट’. नोंदणी न घेता नुसत्या स्पीड पोस्टाने गेलेल्या नोटिशीला त्या कलमाचे गृहीतक लागू पडते का? कंपनी कायद्याच्या कलम २० मध्ये दोन्ही शब्द आहेत, म्हणून तिथे प्रश्न सुटला. बाकी कायद्यांत, करारांत, भाडेपट्ट्यांत वर्षानुवर्षे ‘रजिस्टर ए.डी.ने’ असे लिहिले गेले आहे. न्यायालये याचा समंजस अर्थ लावतील अशी मला आशा आहे. पण पहिला स्पष्ट निकाल लागेपर्यंत जो पक्षकार हा प्रश्न अंगावर घेईल, त्याला त्याच्या थकलेल्या पैशांसाठी एका शब्दावर वरच्या न्यायालयापर्यंत जावे लागेल. संसदेने एका ओळीची दुरुस्ती केली तर ते टळेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सध्या नोंदणीसहच पाठवायला सांगतो आणि पावतीवर ती नोंद आली आहे की नाही ते खिडकीवरच तपासायला लावतो.

“पण खरोखरच पत्र मिळाले नाही तर?” हा आक्षेप मी हलका समजत नाही. टपालात पत्रे गहाळ होतात. पोस्टमनचा शेरा चुकीचा असू शकतो. ऐकून न घेता कोणाविरुद्ध निकाल होणे हा मोठा अन्याय आहे, आणि बजावणीचे सगळे नियम तो टाळण्यासाठीच आहेत. म्हणून पोचल्याचा दिवस नक्की करणे आणि बचावाची संधी काढून घेणे या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतो. दिवस नक्की असावा तो मुदतींसाठी. बचावाची दारे आजही उघडी आहेत, ती तशीच राहावीत. २००७ च्या अलवी हाजी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फार समतोल वाट दाखवली : ज्याला नोटीस मिळालीच नाही असे म्हणायचे आहे त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत आणि तसे सांगावे, पैसेही भरायचे नाहीत आणि नोटीस मिळाली नाही असेही म्हणायचे, हे चालणार नाही. प्रामाणिक माणसाचे यात काही बिघडत नाही, आणि नोटीस चुकवणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. दिवाणी दाव्यात एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज कळल्यापासून ३० दिवसांत करता येतो. ही संरक्षणे असताना तारखेची अनिश्चितता जपून ठेवण्याचे कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप छोट्या कंपन्यांचा. अनेक कंपन्या एका खोलीत चालतात; काहींचा नोंदणीकृत पत्ता त्यांच्या सनदी लेखापालाच्या कार्यालयाचाच असतो. तिथे पत्र पडून राहिले तर? मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पण मर्यादित जबाबदारी ही कायद्याने दिलेली फार मोठी देणगी आहे. कंपनी बुडाली तर भागधारकाचे घर जात नाही, ज्यांचे देणे आहे त्यांचे पैसे जातात. त्या बदल्यात कायदा जे थोडे मागतो त्यात एक आहे असा पत्ता, जिथे हाक मारली तर ओ मिळेल. लेखापालाचा पत्ता द्यायचा असेल तर खुशाल द्यावा. तिथले टपाल रोज कोण बघणार हे आधी ठरवावे.

हा सगळा युक्तिवाद मी कंपन्यांपुरताच करतो आहे, व्यक्तींसाठी नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे घर सहा महिने बंद असते. आजारी माणूस रुग्णालयात असतो. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला लखोट्यावरची इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्या बाबतीत ‘घर बंद’ या शेऱ्यावरून बजावणी झाली असे धरताना मला आजही अस्वस्थ वाटते, जरी १९९६ साली हिरालाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा शेऱ्यांवरून बजावणी मान्य केली असली तरी. पण कंपनी आजारी पडून गावाला जात नाही. ती स्थलांतर करते ती ठराव करून, आणि तो ठराव कळवायला तिच्याजवळ ३० दिवस आणि एक फॉर्म असतो.

ईमेलने हा प्रश्न आपोआप मिटेल असे काहींना वाटते. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरूनही बजावणीला वाट दिली, आणि त्यामुळे बरेच काम हलके झाले. मी ईमेल पाठवतोच. पण नोंदवलेला ईमेल पत्ता कधी काळी नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा निघतो, कधी पत्र स्पॅममध्ये जाते, आणि ‘मिळाला की नाही’ हा वाद नव्या कपड्यांत पुन्हा उभा राहतो. मार्ग कोणताही असो, तारीख कायद्याने ठरवलेली नसेल तर वाद तोच.

म्हणून माझी मागणी नेमकी काय आहे ते लिहितो. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवलेला कागद, टपालात टाकल्यानंतरच्या पाचव्या कामाच्या दिवशी बजावला गेला, असे सर्व कायद्यांसाठी धरावे. पाचऐवजी सहा दिवस म्हणा, माझे भांडण नाही. आकडा एकच असावा. पत्ता पाठवल्याच्या दिवशी मंत्रालयाच्या नोंदीत होता, एवढे दाखवले की पुरे. त्या नोंदीचा छापील उतारा पुरावा म्हणून स्वीकारावा. ‘लेफ्ट’, ‘अनक्लेम्ड’, ‘दार बंद’ यांपैकी कोणताही शेरा आला तरी बजावणी पूर्ण मानावी. कंपनीला ती खोडायची असेल तर फक्त टपाल खात्याच्या नोंदीवरून खोडता यावी, स्वतःच्या आवक नोंदवहीवरून नाही, कारण ती वही तिच्याच हातात असते. आणि ज्या कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावरून न्यायालयाचा किंवा आयोगाचा कागद ‘लेफ्ट’ म्हणून परत येईल, तिची माहिती त्या न्यायालयाने थेट निबंधकाला पाठवावी. जागेवर जाऊन तपासण्याचा अधिकार निबंधकाला आहेच. कुठे जायचे ते त्याला अशा लखोट्यांवरून कळेल.

माझ्या पक्षकाराची फिर्याद दाखल झाली आहे. पोचल्याची तारीख ठाऊक नसल्यामुळे आम्ही लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची अशा दोन तारखा धरल्या आणि दोन्हींना मुदतीत बसेल असा एक दिवस निवडला. फिर्यादीसोबत परत आलेला लखोटा बंदच जोडला आहे. त्याच्या मागे मंत्रालयाच्या नोंदीचा उतारा आहे, त्याच तारखेचा, त्याच पत्त्याचा. पहिल्या तारखेला समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की नोटीस मिळालीच नाही. न्यायाधीशांनी त्यांना विचारले की वकीलपत्रावर अशिलाचा पत्ता काय लिहिला आहे. त्यांनी ते उघडले आणि वाचून दाखवले. लखोट्यावरचाच पत्ता होता.